पाच पैशांचं वजन

यवतमाळ जिल्ह्यात जुन्या रेकॉर्डी शोधायला निघालात, तर त्या रसिकांच्या कपाटात कमी आणि मंडप-डेकोरेशनवाल्यांच्या गोदामात जास्त सापडतात. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, वणी, कुठेही जा. सतरंज्यांच्या गठ्ठ्यामागे, गंजलेल्या भोंग्यांच्या शेजारी एक पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात तबकड्या खचाखच उभ्या भरलेल्या असतात. लग्नाची गाणी, आरत्या, देवीची गाणी, सिनेमाचे संवाद, आणि मधेच चुकून आल्यासारखा एखादा ख्याल किंवा नाट्यसंगीताचा संच. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला. कॅसेट येईपर्यंत त्या नऊ दिवसांचा आवाज ह्याच पेट्यांतून निघायचा.

पेटीतली एखादी तबकडी काढून उजेडासमोर तिरकी धरली की तिचं आयुष्य वाचता येतं. नव्या रेकॉर्डची खाच काळीभोर चमकते. ही राखाडी दिसते, आणि मधल्या लेबलाकडे जावं तशी पांढुरकी होत जाते. धंद्यातले लोक तिला ‘पांढरी पडलेली’ म्हणतात आणि दोष सुईला देतात. सुई निर्दोष नव्हेच, पण ती धरणारा हात जास्त दोषी असतो. टोनआर्म हा तो हात. लोक ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांवर तासन्‌तास बोलतात, सुई बदलतात, आणि आर्मकडे मात्र डेकबरोबर आलेला एक दांडा म्हणून पाहतात. जुने आर्म जमवणाऱ्यांतही नावाची भुरळ मोठी. इंग्लंडचा म्हणजे उत्तम, जपानचा म्हणजे ठीक, चेंजरवरचा, म्हणजे रेकॉर्डी आपोआप बदलणाऱ्या डेकवरचा, टाकाऊ. माझं मत निराळं आहे. आर्मची तुलना नावाने करू नये. त्याचं वजन, त्याची मापं, त्यावर बसवलेलं सुईचं कार्ट्रिज आणि आपल्याजवळच्या रेकॉर्डी, हे सगळं एकत्र धरूनच ती होऊ शकते.

भोंगेवाल्यांपासूनच सुरुवात करू. त्यांची अडचण खरी होती. मंडपाच्या कोपऱ्यात लाकडी खोक्यावर ठेवलेला चेंजर, बाजूने पोरं धावतायत, वर पंखा थरथरतोय, आणि सुई उडतेय. ऐन अक्षतांच्या वेळी गाणं अडकलं तर वधूपिता पैसे कापणार. उपाय सोपा होता: हेडवर नाणं ठेवायचं. आठ आण्यांचं नाणं ५ ग्रॅमचं, १९७५ साली आलेला रुपया ८ ग्रॅमचा. ह्या चेंजरवरचं सिरॅमिक कार्ट्रिज मुळातच चार-पाच ग्रॅम भार मागायचं. त्यावर आठ आणे ठेवले की भार दुप्पट. सुई उडायची थांबे आणि खाच खरवडली जाई. त्यांना मी हसत नाही. त्यांच्यासाठी रेकॉर्ड म्हणजे गॅसबत्तीच्या मेंटलसारखी वस्तू होती, जळली की दुसरी. पण त्या पेटीतली तबकडी आज आपल्याला ऐकायची असेल, तर आधी हे समजून घ्यायला हवं की तिच्यावर काय काय वजन येऊन गेलं आहे.

टोनआर्मचं काम सांगायला सोपं आणि करायला अवघड. त्याने कार्ट्रिजला इतकं घट्ट धरायचं की खाचेतली थरथर फक्त सुईला व्हावी, कार्ट्रिजला नाही. आणि त्याच वेळी इतकं मोकळं राहायचं की खाच नेईल तिकडे विनातक्रार जावं, रेकॉर्ड वाकडी असेल तर वरखालीही व्हावं. घट्टही आणि मोकळंही. शंभर-सव्वाशे वर्षांत आर्म बनवणाऱ्यांनी जे काही केलं, ते ह्या दोन टोकांमधली तडजोड म्हणून केलं.

सुरुवातीच्या ग्रामोफोनवर तर वेगळा आर्म नव्हताच. साउंडबॉक्स थेट कर्ण्याला जोडलेला आणि तो अख्खा कर्णा सुईबरोबर रेकॉर्डवरून सरकायचा. व्हिक्टर कंपनीच्या एल्ड्रिज जॉन्सनने १९०३ च्या सुमाराला निमुळत्या नळीचा आर्म आणला. कर्ण्याचं ओझं यंत्राच्या खोक्यावर गेलं आणि खाचेवर उरला तो साउंडबॉक्स व नळीचा थोडा भाग. ती नळी पोकळ, कारण आवाज तिच्यातूनच कर्ण्याकडे जायचा. त्या आधीच्याच वर्षी, नोव्हेंबर १९०२ मध्ये, फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं होतं. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला, पुढे १९२८ मध्ये तो डमडमला गेला. कापसाचा पैसा हाती आला की संगीत नाटक कंपन्या वऱ्हाडचा दौरा काढत. कंपनी पुढच्या गावी गेल्यावर तिची पदं मागे राहत ती तबकडीवर, वकिलांच्या दिवाणखान्यात आणि देशमुखांच्या वाड्यात.

त्या वाड्यांतून अजूनही कधीकधी एचएमव्हीचं १०२ नंबरचं पोर्टेबल बाहेर पडतं. काळ्या रेक्झिनची पेटी, बाजूला किल्ली, झाकणाच्या आत रेकॉर्डी ठेवायची सोय. त्याचा आर्म हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. तो सुबक वळलेला, निकेल चढवलेला, आणि जड आहे. साउंडबॉक्सचा खाचेवर येणारा भार शंभर ग्रॅमच्या वर जातो. आजच्या कार्ट्रिजच्या दोन-अडीच ग्रॅमशी त्याची तुलना केली की छाती दडपते. पण ७८ च्या तबकडीची घडणच त्यासाठी होती. ती लाखेची. लाखेत दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतूही घालत. लाख आपल्याकडे पूर्व विदर्भात, गोंदियाच्या बाजूला, पळसावर-कुसुमावर मुबलक पिकायची. दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासली जाऊन खाचेच्या मापाची व्हावी, हा हेतू. म्हणून दर बाजूला नवी सुई. ज्या घरात ‘एका सुईत चार बाजू निघतात’ अशी काटकसर चालायची, त्या घरच्या रेकॉर्डी आज चहाच्या गाळणीतून गायल्यासारख्या वाजतात.

एक चूक मात्र त्या देखण्या आर्ममध्येही होती. रेकॉर्ड कोरणारं यंत्र सुईला सरळ रेषेत, कडेपासून केंद्राकडे नेतं. आपला आर्म एका खिळीभोवती फिरतो, म्हणजे सुई कंस काढते. सरळ रेषेत कोरलेलं कंसात वाचायचं, तर सुई खाचेला कुठेतरी तिरकी लागणारच. पर्सी विल्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९२४ मध्ये ‘द ग्रामोफोन’ मासिकात ह्याचं गणित मांडलं. त्याचं म्हणणं असं की आर्मचं डोकं आतल्या बाजूला काही अंशांनी वळवा, आणि आर्मची लांबी अशी ठेवा की सुई मधल्या खिळ्याच्या थोडी पलीकडे पोहोचेल (हे पलीकडचं अंतर म्हणजे ओव्हरहँग). ही चूक पूर्ण जात नाही, पण बाजूभर वाटली जाऊन बरीच कमी होते. पुढे १९३८ मध्ये स्वीडनच्या एरिक लोफग्रेनने आणि १९४१ मध्ये बेअरवाल्डने ते गणित पक्कं केलं. १९६६ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये स्टीव्हन्सनने स्वतःचा पर्याय सुचवला. आजही जगभर आर्म जुळवायचे तक्ते ह्याच मंडळींच्या नावाने निघतात.

विजेचा पिकअप आणि एलपी आल्यावर आर्ममधून आवाज जायचा बंद झाला. उरल्या चार बारीक तारा. भार शंभर ग्रॅमवरून काही ग्रॅमवर आला, आणि तेव्हापासून वजन हाच आर्मचा मुख्य विषय झाला. आपल्याकडे हा बदल सावकाश झाला, कारण भारतात ७८ च्या तबकड्या १९७० च्या आसपासपर्यंत निघत राहिल्या. एकाच घरात, एकाच चेंजरवर, सुईची चकती उलटीसुलटी फिरवून दोन्ही प्रकार वाजत. ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉनचं जाड टोक, एलपीसाठी २५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. चकती फिरवायला विसरलेल्या घरांच्या एलपी तर विचारूच नका.

आता माझ्या टेबलावरचे तीन आर्म.

पहिला चेंजरवरचा, पत्रा दाबून बनवलेला, वरून करडा रंग. मागे वजन नाही, खाली एक स्प्रिंग आहे. स्प्रिंग ताणली की भार कमी, सैल केली की जास्त. जुन्या स्प्रिंगचा ताण गेलेला असतो, त्यामुळे तिचा भार सांगण्यासाठी स्क्रूवरच्या खुणा निरुपयोगी. शिवाय चेंजरची स्वतःची अडचण आहे. त्यावर सहा रेकॉर्डी एकावर एक पडतात. पहिलीवर आर्म खाली झुकलेला आणि सहावीवर नाक वर केलेला, म्हणजे सुईचा कोन दर रेकॉर्डला वेगळा. तरीही ह्या आर्मला मी टाकाऊ म्हणणार नाही. खिळीत तेल घातलं, एकावेळी एकच रेकॉर्ड ठेवली, तर सिनेमाच्या गाण्यांना तो पुरतो.

दुसरा एसएमई ३००९, सीरिज टू इम्प्रूव्हड. इंग्लंडमध्ये ससेक्सच्या स्टेनिंग गावी ॲलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी १९४६ मध्ये मॉडेलांचे सुटे भाग बनवायचा कारखाना काढला. घरच्या यंत्राला मनाजोगता आर्म मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच एक केला, आणि १९५९ पासून तो विकायला आला. त्याची खालीवर होणारी हालचाल बॉल बेअरिंगवर नाही, चाकूच्या धारेसारख्या कडेवर होते, तराजूच्या काट्यासारखी. ओव्हरहँग जुळवायला हेडला खाचा नाहीत, दोन गोल भोकं आहेत. जुळवायचं असेल तर आर्मची अख्खी बैठकच रुळावर पुढेमागे सरकवायची. हातात घेतला की घड्याळजीने बनवल्यासारखा वाटतो. आणि हलका इतका की पक्क्या हेडचा असेल तर त्याचं प्रभावी वजन, म्हणजे सुईला जाणवणारं वजन, अवघं ६.५ ग्रॅम.

तिसरा टेक्निक्सच्या डेकवरचा एस आकाराचा जपानी आर्म, लाखोंनी निघालेला, डिस्कोवाल्यांनी बदनाम केलेला. प्रभावी वजन १२ ग्रॅम. खिळी ते सुई २३० मिलिमीटर, ओव्हरहँग १५ मिलिमीटर. कार्ट्रिज बसवायचा नियमही सुटसुटीत: हेडशेलच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. देखणेपणात तो एसएमईच्या जवळपासही नाही.

ह्या तिघांत कोण चांगला, हे ठरवायला मी नेहमी ख्यालाची एलपी लावतो, आणि पहिल्या पाच मिनिटांकडे दुर्लक्ष करतो. कारण असं. एलपी मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते. आत लेबलाजवळ पोहोचेपर्यंत तोच वेग २१ वर येतो. जो सूर कडेला ऐसपैस जागेत लिहिलेला असतो, तोच आत निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने लिहावा लागतो. सुई तिरकी लागत असेल तर कडेला कळतही नाही, आत मात्र स फाटतो, तार सप्तक किरकिरतं. आता आपल्या ख्यालाची मांडणी पाहा. विलंबित कडेला, जिथे जागाच जागा आहे. बढत होत होत गायक आत येतो, आणि द्रुत, ताना, तबल्याची चढती लय, सगळं नेमकं शेवटच्या इंचात. किशोरी आमोणकरांच्या भूप-बागेश्रीच्या एलपीत ‘सहेला रे’ विलंबितानंतर येतं, म्हणजे खाचेच्या आतल्या भागात. त्या बंदिशीला आर्मने न्याय दिला तर बाकी बाजू आपोआप पास.

इथेच तक्त्यांची निवड येते. कोणत्याही फिरत्या आर्मवर सुई खाचेला अगदी बरोबर लागते अशा जागा फक्त दोन. बेअरवाल्डच्या हिशोबात त्या केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, आणि बाजूभराची चूक समान वाटली जाते. लोफग्रेनच्या दुसऱ्या पद्धतीत ७०.३ आणि ११६.६. स्टीव्हन्सनने आतली जागा थेट शेवटच्या खाचेवर, ६०.३ वर नेली. मधे थोडी जास्त चूक पत्करली आणि शेवट सांभाळला. जाणकारांची पसंती बहुधा बेअरवाल्डला असते. पाश्चात्य पॉप संगीताच्या एलपीत शेवटचं गाणं सहसा संथ ठेवायचा रिवाज असल्यामुळे तिथे ते चालूनही जातं. पण वीस-बावीस मिनिटांचा ख्याल लेबलापर्यंत जाऊन भिडतो. त्याला स्टीव्हन्सनच हवा. गंमत म्हणजे टेक्निक्ससारख्या जपानी आर्मची कारखान्यातली मापं स्टीव्हन्सनच्याच जवळ जातात. म्हणजे नाक मुरडलेला तिसरा आर्म, काहीही न करता, आपल्या गाण्यासाठी बरोबर जुळलेला आहे.

तरी आंधळेपणाने तक्ता लावू नये. आपल्या आवडत्या दहा रेकॉर्डी काढा, पट्टीने मोजा की खाच केंद्रापासून किती अंतरावर संपते. सत्तर मिलिमीटरवरच संपत असेल, तर स्टीव्हन्सनचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. भावगीतांच्या आणि नाट्यसंगीताच्या पुष्कळ एलपी अशा असतात. १९७३ साली यवतमाळला साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्षस्थानी ग. दि. माडगूळकर होते. त्या पिढीच्या घरांतून त्यांच्या ‘गीत रामायणा’च्या एलपी आजही निघतात. गाणी सुटी, मधे मोकळी जागा, भर शब्दांवर. तिथे शेवटच्या तानेची चिंता नसते, ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ यायला हवेत. त्यासाठी बेअरवाल्ड बरा.

जुळवणी प्रत्यक्ष कशी होते ते एकदा जवळून पाहू. डेक बंद. ॲम्प्लिफायर बंद, नाहीतर स्पीकर जायचा. खिळ्यावर आरसा लावलेला तक्ता घालायचा. त्यावर दोन बिंदू आणि प्रत्येक बिंदूवर बारीक रेघांची जाळी. हेडशेलमध्ये कार्ट्रिज दोन स्क्रूंवर बसतं, दोहोंमधलं अंतर अर्धा इंच, स्क्रू अडीच मिलिमीटरचे. ते हाताला लागतील इतकेच आवळायचे. मागच्या चार तारा: पांढरी-निळी डाव्या बाजूची, लाल-हिरवी उजवीकडची. त्या ओढायच्या नाहीत, क्लिपला चिमट्याने धरून सरकवायचं. पन्नास वर्षांची तार क्लिपच्या तोंडाशीच तुटते आणि मग झाळकाम करताना कार्ट्रिजच्या आतली गुंडाळी जळते. आता सुई बिंदूवर अलगद टेकवायची आणि डोळा कार्ट्रिजच्या नाकासमोर आणायचा. बघायचं ते कार्ट्रिजच्या खोक्याकडे नाही, सुई जिच्या टोकाला आहे त्या बारीक दांडीकडे. जुन्या कार्ट्रिजमध्ये ती दांडी खोक्याच्या कडांना समांतर असेलच असं नाही. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं की दांडी आणि आरशातलं तिचं प्रतिबिंब, दोन्ही जाळीच्या रेघेला समांतर दिसायला हवीत. केसभर वळवावं तर बिंदू सुटतो, बिंदूवर आणावं तर कोन सुटतो. इथे घाई करणारा माणूस हे काम करू शकत नाही. दोन्ही बिंदूंवर जमलं की स्क्रू आलटून पालटून आवळायचे आणि पुन्हा तपासायचं, कारण आवळताना ते हमखास हलतं.

मग भार. काउंटरवेट फिरवून आर्म तरंगता करायचा, आणि तिथून पुढे कार्ट्रिजला हवा तेवढा भार द्यायचा. काउंटरवेटवरचे आकडे जुन्या आर्मवर विश्वासाचे नसतात, मोजायलाच हवं. शुअर कंपनीचा एसएफजी-२ नावाचा एक छोटा सी-सॉ काटा पूर्वी सगळे वापरत. तो नसेल तर प्लास्टिकची पट्टी आणि खाली आधाराला पेन्सिल पुरते. आणि मापं? ती आजीच्या डब्यात आहेत. ॲल्युमिनियमचा दोन पैशांचा तुकडा १ ग्रॅमचा, सत्तरच्या दशकातले चौकोनी पाच पैसे १.५ ग्रॅमचे, त्याच काळातले चार आणे २.५ ग्रॅमचे. पट्टीच्या एका टोकाला नाणं, तितक्याच अंतरावर दुसऱ्या टोकाला सुई, आणि पट्टीची उंची रेकॉर्डच्या पृष्ठाइतकी. सुई दाबेल तिथे काटा समतोल झाला की भार नाण्याएवढा. पाच पैशांवर हलकी कार्ट्रिजं, चार आण्यांवर डेनॉनसारखी दणकट कार्ट्रिजं. ज्या नाण्यांनी भोंग्याखालच्या रेकॉर्डी खरवडल्या, त्यांच्यातली धाकटी भावंडं इथे उपयोगी पडतात. आता सराफाकडे असतो तसला खिशातला डिजिटल काटाही मिळतो. तो वापरायचा असेल तर एवढं पाहा की त्याची वाटी लोखंडी नसावी. कार्ट्रिजमधलं लोहचुंबक ती ओढून घेतं आणि आकडा खोटा पडतो.

अँटीस्केटिंगवर फार वेळ घालवू नये. डोकं आत वळवलेलं असल्यामुळे खाचेतल्या घर्षणाने आर्म केंद्राकडे ओढला जातो. एसएमईवर त्याला विरोध करायला नायलॉनच्या दोऱ्यावर एक इवलंसं वजन लोंबतं, टेक्निक्सवर एक चकती फिरवायची. बिनखाचेच्या गुळगुळीत तबकडीवर आर्म स्थिर राहील असं जुळवा, असं काही लोक सांगतात. ते चुकीचं आहे. गुळगुळीत पृष्ठावर सुई खाचेतल्यासारखी घासत नाही. शेवटच्या खाचेत ताना ऐका. उजवा स्पीकर आधी फाटत असेल तर थोडं वाढवा, डावा फाटत असेल तर कमी करा. संपलं.

खरा पेच वजनाचा, आणि इथे यवतमाळची हवा मधे पडते. आर्म आणि कार्ट्रिज मिळून एक झोका तयार होतो: आर्मचं वजन आणि सुईच्या दांडीचं रबर. त्या झोक्याची स्वतःची एक लय असते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान हवी. त्याखाली गेली तर वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे तिला डोलवू लागतात. एलपीचा एक फेरा साधारण ०.५५ हर्ट्झचा, आणि एका फेऱ्यात चार-पाच वाकणं असली तर दोन-अडीच हर्ट्झवर धक्के बसतात. लय वर २० कडे गेली तर तबल्याच्या डग्ग्यात मिसळते. हिशोब सोपा आहे. आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू यांच्या ग्रॅममधल्या बेरजेला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने (दांडीच्या लवचिकतेच्या आकड्याने) गुणा, वर्गमूळ काढा, आणि १५९ ला त्याने भागा. ६ ग्रॅमचं मऊ, ३० कंप्लायन्सचं कार्ट्रिज एसएमईवर ८ हर्ट्झ देतं, कागदावर छान. तेच टेक्निक्सवर बसवलं की पावणेसात, म्हणजे नापास. उलट डेनॉनचं डीएल-१०३ घ्या. हे साठच्या दशकात जपानच्या एनएचके प्रसारण संस्थेसाठी बनवलेलं, ८.५ ग्रॅम वजनाचं, २.५ ग्रॅम भार मागणारं दणकट कार्ट्रिज आहे. त्याचा कंप्लायन्स ५ लिहितात, पण जपानी लोक तो १०० हर्ट्झवर मोजतात. १० हर्ट्झवर तो दीड ते दोन पट धरावा लागतो. दुप्पट धरला तर टेक्निक्सवर ते पावणेअकरा हर्ट्झवर मस्त बसतं. एसएमईवर साडेबाराच्या वर जातं आणि आवाज चिपाड होतो.

हे झालं कागदावरचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर, आणि गोदामाचं छप्पर टिनाचं. त्याखाली तिरक्या ठेवलेल्या रेकॉर्डी वाकल्या नाहीत तरच नवल. शिवाय सुईच्या दांडीचं रबर उन्हाळ्यात सैल पडतं आणि डिसेंबरच्या रात्री ताठ होतं. म्हणजे आठ हर्ट्झवर जेमतेम पास झालेला हलका आर्म आणि मऊ कार्ट्रिज उन्हाळ्यात सातवर येतं. बरोबर तेव्हाच, जेव्हा रेकॉर्डीही सगळ्यात जास्त वाकलेल्या असतात. स्पीकरचे पडदे मग गाणं नसतानाही धापा टाकतात. म्हणून माझं म्हणणं असं की विदर्भात मध्यम वजनाचा आर्म आणि दणकट कार्ट्रिज घ्यावं, भार कंपनीच्या कमाल मर्यादेच्या जवळ ठेवावा. कमी भाराने रेकॉर्ड वाचते हा समज उलटा आहे. कमी भाराची सुई खाचेत नाचते, भिंतींवर आपटते आणि जास्त नासधूस करते. लंडनच्या दिवाणखान्यात एसएमई जिंकत असेलही, दारव्ह्याच्या वाड्यात टेक्निक्स जिंकतो.

पांढऱ्या पडलेल्या रेकॉर्डींसाठी आणखी एक युक्ती आहे. भोंग्याच्या बोथट सुईने खाचेच्या भिंती एका विशिष्ट उंचीवर झिजवलेल्या असतात. बारीक, लंबगोल टोकाची सुई कधीकधी त्या झिजलेल्या पट्ट्याच्या खाली, कोऱ्या भिंतीवर टेकते आणि मेलेली वाटणारी रेकॉर्ड बोलू लागते. कधी काहीच होत नाही. ७८ च्या तबकड्यांना तर तीन-चार जाडीच्या सुया आळीपाळीने लावून पाहाव्या लागतात. त्यासाठी हेडशेल झटकन बदलता येणारा आर्म हवा. इथेही पक्क्या हेडचा एसएमई मागे पडतो.

हे सगळं छंदापुरतं नाही. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. तिच्यातले सुरेश चांदवणकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे संस्थेचं नियतकालिक. जुन्या मुद्रणांच्या नोंदी, सूची आणि जतनाची सवय ह्या मंडळींनी लावली, आणि त्यामुळे आज बालगंधर्वांचं एखादं पद कधीचं आणि कोणत्या लेबलचं, हे सांगता येतं. जुनी तबकडी संगणकावर उतरवताना जे चुकतं ते कायमचं नोंदलं जातं. वेगाचंच पाहा. सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या ७८ वर मुद्रित झालेल्या नव्हत्या. ७५ वर मुद्रित झालेली ७८ वर उतरवली तर गाणं चार टक्के वर चढतं, म्हणजे अर्ध्या सुराच्या दोन तृतीयांश. काळी एक म्हणून काळी एकच्या वरचंच काही ऐकत बसायचं. आमच्याकडे विजेचा दाब दिवसभर खालीवर होतो, त्यामुळे ट्यूबलाइटखाली स्ट्रोबची चकती धरून वेग तपासल्याशिवाय मुद्रण सुरू करू नये. ५० हर्ट्झवर ३३ च्या चकतीला १८० रेघा असतात. त्या उभ्या राहिल्या की वेग बरोबर.

वसंतराव देशपांड्यांचा जन्म मूर्तिजापूरचा, आमच्या शकुंतला रेल्वेच्या दुसऱ्या टोकाचा. त्यांच्या गाण्याने गाजलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं १९६७ साली. आर्णीच्या एका मंडपवाल्याच्या पेटीतून त्यातल्या पदांची एलपी माझ्या हाती आली ती चांगलीच पांढरी पडलेली. चेंजरच्या आर्मवर वसंतरावांची तान पत्र्यावर खडे ओतल्यासारखी वाजत होती. एसएमईवर मऊ कार्ट्रिज लावून सुई दोन ठिकाणी उडाली. टेक्निक्सवर लंबगोल सुई, भार दोन ग्रॅमच्या वर, ओव्हरहँग १५ मिलिमीटरवर कायम. खरखर आहे, ती जायची नाही. पण तानेतला एकेक दाणा वेगळा ऐकू येतो आणि शेवटच्या खाचेतही स फाटत नाही.

एसएमईने २०१९ च्या शेवटी आर्म सुटे विकणं थांबवलं. आता तो हवा तर त्यांच्या डेकसकट घ्यावा लागतो. त्यामुळे जुन्या ३००९ चे भाव चढले आणि सुट्या भागांची वानवा झाली. सर्वांत आधी जातं ते मागच्या दांड्यातलं रबर. काउंटरवेट त्यावर टेकलेलं असतं. उन्हाळ्यामागून उन्हाळे ते मऊ होत जातं आणि वजन शेपटीसारखं खाली लोंबतं. ते बदलेपर्यंत बाकीची जुळवणी फुकट. टेक्निक्सला तो रोग नाही. डेनॉनसोबत जड हेडशेल लावलं तर मात्र मूळचं काउंटरवेट कमी पडतं. त्यासाठी पितळेचं एक छोटं जोडवजन लागतं. लोहारा एमआयडीसीत लेथवर ते करून मिळतं, नमुना म्हणून सोबत जुनं वजन न्यावं आणि आटे मोजून द्यावेत.

आणि ह्या सगळ्याच्या आधी रेकॉर्ड धुवावी. आमच्याकडे जिनिंगच्या दिवसांत कापसाची रुई हवेत तरंगत असते, खाचेत बसते, आणि सुईभोवती तिचा भोपळा होतो. एलपीला डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवायचं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट चुकूनही लावू नये, ती विरघळते.